दुसऱ्या भागात तरी

सिनेमा सुरू होऊन धड अर्धा तासही झाला नव्हता, तोच कृष्णकांत अंधारात मोठ्याने म्हणाला, "गलत है." पडद्यावरचा पांढऱ्या केसांचा प्रोफेसर समजावून सांगत होता, की माणूस भूतकाळात गेला की वर्तमानातली त्याची जागा रिकामी राहते आणि ती रिकामी जागाच त्याला परत ओढून आणते. हिंदी आवाज कुणा भलत्याच माणसाचा होता, ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. पुढच्या दोन रांगांतली डोकी मागे वळली. शुभदाने नवऱ्याच्या कोपराला चिमटा काढला. मनीमाजऱ्याचं हे नवंकोरं मल्टिप्लेक्स, गुबगुबीत खुर्च्या, मांडीवर पॉपकॉर्नचा बादलीएवढा डबा, आणि या माणसाला इथेही गप्प बसवत नाही. त्याच्या पलीकडे नरेंद्र सहगल बसले होते, म्हणजे सगळं सुरळीत पार पडलं तर आज संध्याकाळपासून तिचे व्याही. तिच्या डावीकडे त्यांची बायको मीनाक्षी. आणि पार टोकाला तिची नेत्रा आणि त्यांचा यतीन, ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला होता. सिनेमा झाला की सहगलांच्या घरी जेवण आणि जेवणानंतर रोका. रोका म्हणजे आपल्याकडची सुपारी फोडणंच म्हणायचं, मुलीच्या ओंजळीत नारळ-मिठाई पडली की शब्द पक्का झाला. दोन वर्षं नेत्रा या एका संध्याकाळची वाट बघत होती. दोन वर्षं नरेंद्रजी 'मराठे लोग' म्हणून नाक मुरडत होते आणि आता कुठे राजी झाले होते. आणि हा माणूस म्हणतोय, गलत है.

"अहो," ती दातांवर दात ठेवून म्हणाली.

"अगं पण चूकच आहे ते. पहिल्या भागात यांनीच उलट सांगितलं होतं."

"असू दे ना. तुम्हाला काय करायचंय?"

मग ती त्याच्या अंगावरून वाकून नरेंद्रजींना म्हणाली, "सॉरी हां भाईसाहब. साइंटिस्ट हैं ना, आदत है इनकी." नरेंद्रजी हसत होते. "लो जी, सॉरी किस बात की? डॉक्टर साहब ने बिल्कुल सही पकड़ा." हे ऐकूनही शुभदाचं समाधान झालं नाही. तिने मान डावीकडे वळवून मीनाक्षीलाही सॉरी म्हटलं. मीनाक्षी पॉपकॉर्न खाण्यात गुंग होती, तिने काही ऐकलंच नव्हतं, त्यामुळे काय झालं ते आधी तिला सांगावं लागलं. "अच्छा?" असं म्हणून मीनाक्षीने जरा पुढे होऊन कृष्णकांतकडे नीट पाहून घेतलं. शुभदाने सुस्कारा सोडला. निदान एक काम मार्गी लागलं.

पहिला भाग तिने केबलवर तुकड्यातुकड्यांनी पाहिला होता, कणीक मळता मळता. एक इंजिनिअर कालयंत्र बनवतो, मागे जातो आणि धाकट्या भावाला अपघातातून वाचवतो, एवढं तिच्या लक्षात होतं. हा दुसरा भाग. भाऊ वाचला खरा, पण दोघांचं असं काही फाटलंय की एकमेकांचं तोंड बघत नाहीत. भांडण झालं ते एका रेल्वे स्टेशनवर, गाडी सुटता सुटता, यंत्र मुळात कुणाच्या डोक्यातून निघालं यावरून. म्हणून इंजिनिअर पुन्हा मागे जातो. या खेपेला त्याला सगळं ठाऊक असतं, भाऊ काय म्हणणार, हमाल कुठे अडखळणार, गाडीची शिटी कधी होणार. आणि तरी ऐन वेळी त्याच्याने राहवत नाही. भाऊ म्हणतो, आपण दोघांनी बनवलं, आणि हा म्हणतो, नाही, मी बनवलं. संपलं. परत येतो, डोकं धरून बसतो, परत जातो. प्रत्येक खेपेला कोट वेगळा, कधी टोपी, कधी चष्मा, आणि वाक्य तेच. शुभदाला इतका संताप आला, की उठून पडद्यावरच्या त्या माणसाला गदागदा हलवावं. अरे गाढवा, एकदा म्हण ना, हो, दोघांनी बनवलं. काय झडून पडणार आहे तुझं? देवाने तुला मागे जायची सोय दिली, जी दुसऱ्या कुणाला दिली नाही, आणि तू प्रत्येक वेळी स्वतःलाच सोबत घेऊन जातोस. तिने चोरून नवऱ्याकडे पाहिलं. पडद्याचा निळा उजेड त्याच्या चष्म्यावर हलत होता. बघा, ती मनात म्हणाली, नीट डोळे उघडून बघा, तुमचीच गोष्ट चालली आहे. तो बघत होता, पण त्याच्या कपाळावर ती आठी होती, पेपर तपासतानाची. त्या इंजिनिअरची एक बहीण होती. ती दर वेळी त्याच्याबरोबर जायची, त्याची बाही ओढायची, भावाला आधीच जाऊन सांगून ठेवायची, की हा काही बोलला तर मनावर घेऊ नकोस. सगळ्या सिनेमात शुभदाला ती एकटी शहाणी वाटली. कोटही छान होता तिचा, मोरपंखी.

तिलाही कुणी असं मागे जाऊ दिलं असतं तर कुठे कुठे जावं लागलं असतं, या विचारानेच ती दमली. ती दोघं चंदीगडला आली तेव्हा नेत्रा कडेवर होती. कृष्णकांत मिरजेचा, सेक्टर एकोणचाळीसच्या संस्थेत सूक्ष्मजीवांवर काम करायला आलेला, आणि हिंदी म्हणाल तर शाळेच्या पुस्तकातलं. भाजीवाल्याला 'कृपया' म्हणायचा आणि भाजीवाला घाबरायचा. शुभदा नागपूरची. तिच्या तोंडात हिंदी लहानपणापासून खेळलेलं, वाण्याशी, रिक्षावाल्याशी, शेजारच्या गुप्तांशी. त्यामुळे पहिल्या दिवसापासून गॅसवाला, घरमालक, शाळेची बाई, सगळ्यांशी तीच बोलायची. कृष्णकांत बाजूला उभा राहून मान हलवायचा. नंतर त्याचं हिंदी सुधारलं, नको तितकं सुधारलं, आणि तो लोकांच्या चुका हिंदीतही काढायला लागला. तेव्हापासून शुभदाला आधी त्याच्या वतीने बोलायचं आणि मग त्याच्या वतीने सारवासारव करायची, असं दुहेरी काम लागलं. याला वाईट बोलायचं नसतं, हेच तर दुखणं. मनात कपट असतं तर परवडलं असतं, कपटी माणूस निदान वेळ बघून बोलतो. याला चूक दिसली की अंगावर झुरळ चढल्यासारखं होतं, ते झटकल्याशिवाय चैन पडत नाही. मंडळाच्या गणपतीत याने भर आरतीत, तबक रागिणी देव यांच्या हातात असताना, हात वर करून आरती थांबवली, कारण सगळे एक शब्द चुकीचा म्हणत होते. सगळे, म्हणजे पिढ्यान् पिढ्या सगळे. रागिणीच्या हातातला कापूर विझला. दुसऱ्या दिवशी शुभदा डब्यात बेसनाचे लाडू घेऊन तिच्या दारात हजर. ही तिची पद्धतच पडून गेली होती. संस्थेच्या वसाहतीत शुभदावहिनी डबा घेऊन आल्या, म्हणजे साहेब काहीतरी बोलले, हे आता लहान पोरंही ओळखायची. विश्वास म्हणून त्याच्या प्रयोगशाळेतला एक मुलगा होता, तो तर डबा घेताना बावचळून म्हणाला होता, "वहिनी, सर मला कधी काय बोलले?" मग तिने त्याला सांगितलं. तुझ्या प्रबंधाला रद्दी म्हणाले ना, ते मनावर घेऊ नकोस. बिचारा विश्वास. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या गाइडकडे गेला. लोक इतके हळवे असतात, याचं तरी याने भान ठेवायला नको का?

आणि संचालकांचं प्रकरण. त्याची आठवण आली की आजही तिच्या डोक्याची शीर उडते. दिल्लीहून पाहुणे आले होते, भरल्या सभागृहात याने उठून सांगितलं, की काही मंडळी दुसऱ्यांच्या आकड्यांवर स्वतःचं नाव घालतात. काही मंडळी, एवढंच. नाव घेतलं नाही, उपकारच केले म्हणायचे. शुभदाला ते त्याच दिवशी चहाच्या वेळी कळलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती लाडवांचा डबा उचलून त्याच पावली संचालकांच्या बंगल्यावर गेली. म्हणाली, भाभीजी, साहेबांना सांगा, यांच्या मनात साहेबांबद्दल काही नाही, ते सभेत बोलले ते साहेबांना उद्देशून नव्हतंच. भाभीजींनी चहा पाजला, लाडवांची तारीफ केली. कृष्णकांतचं प्रमोशन त्या वर्षी हुकलं ते हुकलंच, आणि पुढच्या वर्षीही. त्याच्याबरोबरचे शेजारच्या नॉलेज सिटीतल्या नव्या संस्थांत मोठमोठ्या खुर्च्यांवर गेले आणि हा अजून त्याच खोलीत, त्याच खिडकीशी, जंतूंच्या कल्चरच्या बशा मोजत बसलाय. त्या एका वाक्यापायी. नंतर कधीतरी भाभीजी म्हणाल्या होत्या, की साहेबांना तर तोवर वाटत होतं, ते दिल्लीवाल्यांबद्दलच चाललंय. पण या बायका नंतर काहीही सांगतात. शुभदाने ते फारसं मनावर घेतलं नव्हतं.

मध्यंतरात ती त्याला पाण्याच्या कूलरपाशी गाठून म्हणाली, "तुम्ही नेत्राला शब्द दिलाय." आणि ते खरंच होतं. कालच नेत्राने बापाला समोर बसवून सांगितलं होतं. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलताना हिंदीच येतं. "बाबा, कल आप किसी को करेक्ट नहीं करोगे. पूरा दिन. पक्का?" आणि कृष्णकांतने चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून म्हटलं होतं, "पक्का." मग नेत्राने आईकडे पाहिलं होतं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं आणि तसंच मिटलं होतं.

"मी माणसाला कुठे करेक्ट केलं?" कृष्णकांत म्हणाला. "सिनेमाला केलं."

"तेवढंही नको."

"बरं."

"आणि तिथे जेवताना तर..."

"शुभदा, मी बरं म्हटलं ना."

त्याने बरं म्हटलं की तिला जास्तच धास्ती वाटायची. कारण यतीनच्या डिग्रीचा विषय जेवताना निघणार, हे सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होतं. यतीन मुलगा सोन्यासारखा. बापाचं टाइल्स आणि सॅनिटरीचं दुकान त्यानेच वाढवलं, बोलायला गोड, नेत्राला डोळ्यांत तेल घालून जपणारा. फक्त त्याने दिल्लीच्या कुठल्याशा खासगी संस्थेतून एमबीए केलं होतं आणि नरेंद्रजींना त्याचा कोण अभिमान. दुकानाच्या नव्या पाटीवर यतीनच्या नावापुढे ती तीन अक्षरं त्याच्या नावापेक्षा मोठी होती. तीन आठवड्यांपूर्वी सकाळच्या चहाला कृष्णकांत म्हणाला होता, "त्या संस्थेला मान्यता नाही. हे एमबीए नव्हे, ही पावती आहे." नेत्रा कपबशी तशीच टाकून आत निघून गेली होती, आणि कृष्णकांत बराच वेळ दाराकडे बघत बसला होता. त्यानंतर तो त्या विषयावर चकार शब्द बोलला नव्हता. पण शुभदा त्याला ओळखून होती. पोटातलं ओठांवर यायला याला फक्त निमित्त लागतं. तीन आठवडे ती रात्री अंथरुणात पडल्या पडल्या वाक्यं जुळवत होती. तो असं म्हणाला तर मी काय म्हणायचं, तसं म्हणाला तर काय. भाजी चिरताना पुटपुटायची. हिंदीतून म्हणून बघायची, शब्द फिरवून बघायची, हसण्याची जागा ठरवायची. सगळी तयारी पक्की झाली होती. एखाद्या बाईने मुलीच्या रोक्याच्या आधी साड्या काढाव्यात, दागिने पुसावेत. शुभदा काय करत होती, तर नवऱ्याने न केलेल्या अपमानाची माफी पाठ करत होती. हसावं की रडावं?

सिनेमाच्या शेवटी त्या इंजिनिअरने यंत्रच मोडून टाकलं आणि स्टेशनवरच्या बाकावर एकटा बसून राहिला. तिसरा भाग काढायची सोय, दुसरं काय. बाहेर येताना नरेंद्रजी कृष्णकांतच्या खांद्यावर हात टाकून चालले होते. "डॉक्टर साहब, मैनूं ते कुछ समझ नहीं आया. आप समझाओ." आणि कृष्णकांत समजावत होता, हात हलवत, खूश होऊन, आणि नरेंद्रजी खरंच ऐकत होते. शुभदा मागून चालत होती आणि तिला त्या दोन पाठींकडे बघून बरं वाटायच्या ऐवजी संशयच येत होता. इतकं गोडीगुलाबीने चाललंय म्हणजे पुढे काहीतरी वाढून ठेवलंय.

सहगलांचं घर जवळच होतं, दुकानाच्या मागच्या गल्लीत, जिना चढून वर. जिन्यापासूनच तुपाचा वास. मीनाक्षीने शुभदाला स्वयंपाकघरात नेलं आणि ओट्याच्या कोपऱ्यातल्या थाळीवरचं लाल कापड उचलून दाखवलं. नारळ, बदाम, बुंदीचे लाडू आणि जरीची किनार लावलेली गुलाबी चुन्नी. "चुन्नी मेरी सास ने मुझे दी थी, बहनजी," मीनाक्षी म्हणाली. "सोचा था लड़की नहीं है तो किसे दूँगी." शुभदाच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. तिला या बाईला मिठी मारावीशी वाटली. त्याऐवजी ती म्हणाली, "इनकी किसी बात का बुरा मत मानिएगा." मीनाक्षीने थाळीवर कापड पुन्हा ओढलं. "आप बहुत टेंशन लेती हो," ती म्हणाली आणि थाळी उचलून बाहेर जेवणाच्या खोलीत, काचेच्या कपाटावर नेऊन ठेवली.

जेवणं सुरू झाली. राजमा, पनीर, दहीभल्ले म्हणजे आपले दहीवडेच, आणि नको म्हटलं तरी ताटात पडणारी पोळी. नेत्राने आज पंजाबी ड्रेस घातला होता आणि ती यतीनच्या समोर बसून खाली मान घालून हसत होती, लहानपणी हसायची तशी. शुभदा एकही घास चव घेऊन खात नव्हती. तिचं सगळं लक्ष शेजारच्या ताटावर. कृष्णकांत मन लावून जेवत होता. मीनाक्षी म्हणाली, मिरज राजस्थानात आहे ना, आणि तो फक्त हसला. नरेंद्रजी म्हणाले, दह्यात जंतू नसतातच, शुद्ध असतं, आणि जन्मभर जंतूंवर काम केलेला हा माणूस म्हणाला, "जी." नेत्राने चमकून बापाकडे पाहिलं, तिचा चेहरा असा काही उजळला की शुभदाला ते बघवेना. हे किती वेळ टिकणार? आत साठतंय, साठतंय, आणि मग एकदम फुटणार. हा सगळं एकत्र करून बोलणार.

"हमारे ख़ानदान में ना जी," नरेंद्रजी पाण्याचा ग्लास खाली ठेवत म्हणाले, "कोई दसवीं से आगे नहीं गया. मेरे पिताजी बँटवारे में उधर से ख़ाली हाथ आए थे. ये पहला है. एमबीए." त्यांनी यतीनच्या पाठीवर थाप मारली. यतीन लाजून म्हणाला, "पापा, छोड़ो ना."

कृष्णकांतने चमचा खाली ठेवला. रुमालाने ओठ टिपले. उजव्या हाताचं बोट वर केलं, आणि त्याचं तोंड उघडलं.

"बुरा मत मानिए भाईसाहब," शुभदा म्हणाली. वाक्य इतकं तयार होतं की ते तिच्या आधी बाहेर पडलं. "ये डिग्री के बारे में जो बोलते हैं ना, वो दिल से नहीं बोलते. घर में भी ऐसे ही बोल देते हैं. यतीन को तो बहुत मानते हैं."

कृष्णकांतचं बोट अजून वर होतं.

"क्या बोलते हैं?" नरेंद्रजींनी विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं कुतूहल.

आणि शुभदाला कळलं की थांबायला हवं, आणि थांबणं कसं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. "कुछ नहीं, कुछ नहीं. मज़ाक में. वो मान्यता-वान्यता का... कि डिग्री नहीं है, रसीद है. साइंटिस्ट लोग ऐसे ही होते हैं." ठरवलेल्या जागी ती हसलीसुद्धा.

"रसीद," नरेंद्रजी म्हणाले. त्यांनी तो शब्द सावकाश उच्चारला आणि यतीनकडे बघितलं. यतीन बापाकडे बघत नव्हता. त्याचे कान लाल झाले होते, आणि तो समोर नेत्राकडे बघत होता. "तुम्हें पता था?" त्याने विचारलं. "घर पे ये बात होती है?" नेत्राने तोंड उघडलं, पण तिच्याने नाही म्हणवेना, कारण खोटं बोलणं तिला बापाने कधी शिकवलंच नव्हतं. यतीन खुर्ची मागे सारून उठला आणि बाल्कनीत निघून गेला.

मग मीनाक्षी उठली. तिने कपाटावरची थाळी उचलली, लाल कापड चारही कोपऱ्यांनी नीट दाबलं आणि थाळी आत घेऊन गेली. आतून कपाट उघडल्याचा आणि बंद झाल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फक्त गरम पोळ्यांचा डबा होता. "रोटी लो जी," ती सगळ्यांना मिळून म्हणाली, पाहुण्यांना म्हणतात तशी.

शुभदा नेत्राकडे वळली. नेत्रा रडत नव्हती. ती आईकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत ते होतं जे आजवर शुभदाने फक्त नवऱ्यासाठी राखून ठेवलं होतं. "आई," ती हळू म्हणाली, आणि पहिल्यांदाच, अडखळत, मराठीत, "बाबा काही बोललेच नव्हते."

शुभदाला काहीतरी म्हणायचं होतं. नरेंद्रजींना, नेत्राला, बाल्कनीतल्या त्या पाठमोऱ्या मुलाला. वीस वर्षं तिने दारोदार जाऊन माफी मागितली होती, हिंदीत, मराठीत, लाडवांच्या डब्यासकट, आणि आता स्वतःची म्हणून एक मागायची होती तर तिला पहिला शब्दसुद्धा सापडेना.

कृष्णकांतने वर केलेलं बोट खाली घेतलं.

"मी दहीभल्ला मागणार होतो," तो मराठीत म्हणाला, फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू. "चांगला झालाय, असं सांगून."